शहामृगाच्या कवचाची साक्ष

हिमयुग म्हटले की बर्फाच्छादित भूमी डोळ्यांपुढे उभी राहते. शेवटच्या हिमयुगात खानदेशावर बर्फ साचले नव्हते. तथापि त्या युगाचा परिणाम येथील पावसावर झाल्यावाचून राहिला नाही. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी थंडी कळसास पोहोचली, तेव्हा समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली गेली होती व मोसमी पाऊस दुबळा झाला होता. असल्या काळाचा मागोवा मातीच्या थरांतच घ्यावा लागतो.

गिरणा, पांझरा यांसारख्या नद्यांच्या काठच्या उभ्या दरडी पाहाव्यात. दगडगोट्यांचा थर जोरदार प्रवाह सुचवितो, बारीक गाळ संथ पाणी सुचवितो. गाळात चुनखडीचे खडे आढळले, तर ओलीमागून दीर्घ कोरडा ऋतु येत असे, असे अनुमान निघते. खालचा थर आधीचा, वरचा मागाहूनचा. मात्र एवढ्याने केवळ क्रम कळतो. वर्षे कळत नाहीत.

ती वर्षे सांगणारा पुरावा जळगाव जिल्ह्यातच मिळाला. चाळीसगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याशी असलेल्या पाटणे येथे डॉ. एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केले. तेथे दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्यांची कवचे, त्यांचे मणी आणि रेषा कोरलेला एक तुकडा सापडला. शहामृग हा मोकळ्या, कोरड्या माळरानाचा पक्षी होय.

आता कालनिर्णयाची रीत. पक्ष्याच्या अन्नातून कवचात किरणोत्सारी कार्बन येतो. कवच बनल्यानंतर त्यात नवी भर पडत नाही आणि असलेला कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. उरलेला अंश मोजला की वय निघते. पाटण्याच्या कवचाचे वय सुमारे २५,००० वर्षे आले. म्हणजे त्यात मूळच्या विसाव्या हिश्शाहूनही थोडा कमी अंश उरला होता. ही वर्षे पंचांगाच्या वर्षांशी तंतोतंत जुळत नाहीत. मेळ घातल्यावर तो काळ आणखी काही हजार वर्षे मागे जातो.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. एखादा मणी कोणी हौसेने उचलून घरी नेला, तरी प्रयोगशाळेत त्याचे वय ठरविता येईल. पण तो कोणत्या हत्यारांशेजारी, कोणत्या मातीत पडला होता, हे मग कोणासही सांगता येणार नाही. विटांसाठी अथवा भरावासाठी दरड उकरली गेली, तर तो थरच नाहीसा होतो. म्हणून असली वस्तु दिसल्यास तिला हात न लावता जागा ध्यानात ठेवावी आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे.