तीन हजार चंद्रांएवढं आकाश

२०१५च्या मे महिन्यात ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये ३३ पानांचा एक शोधनिबंध छापून आला. हिग्ज बोसॉन या मूलकणाचं, सर्न प्रयोगशाळेत मोजलेलं वस्तुमान त्यात मांडलं होतं. संशोधन नवव्या पानावरच संपतं. पुढची २४ पानं नुसती लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावं. लेखक ५,१५४! एकेक नाव तीन सेकंदांत वाचलं, तरी यादी संपवायला सव्वाचार तास बसावं लागेल. डीएनएची रचना उलगडणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३चा निबंध दोघांचा होता आणि जेमतेम पानभराचा.

एवढी माणसं लागतात कशाला? सर्नपुरतं उत्तर समजायला सोपं आहे: २७ किलोमीटर घेराचं यंत्र उभं करायचं आणि चालवायचं, तर हात आणि पैसा अनेक देशांचा हवा. मला मात्र गुरुत्वीय लहरींचं उत्तर जास्त थक्क करतं. तिथे देशादेशांमधलं अंतर हेच उपकरण असतं.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली लहर लायगो या उपकरणाच्या अमेरिकेतल्या दोन केंद्रांपैकी लिव्हिंग्स्टनला लागली आणि ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. लायगोच्या चार किलोमीटरच्या भुजा तिने हलवल्या त्या प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढ्या! एवढं सूक्ष्म हलणं टिपलं, पण लहर नेमकी आली कुठून? वेळेतल्या त्या फरकावरून आकाशाचा सुमारे ६०० चौरस अंशांचा पट्टाच हाती आला. पौर्णिमेचा चंद्र ०.२ चौरस अंश व्यापतो. म्हणजे तीन हजार चंद्र मावतील एवढ्या आकाशात एक ठिपका शोधायचा.

मग इटलीत पिसाजवळचा व्हर्गो हा तसाच शोधक सोबतीला आला. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली, तेव्हा व्हर्गोत तिची नोंद अगदी क्षीण झाली. ते क्षीण असणंच कामी आलं! लहर व्हर्गोला जिथून नीट ऐकू येत नाही, त्याच दिशेजवळून आली असणार. शोधायचं आकाश २८ चौरस अंशांवर, म्हणजे १४० चंद्रांवर आलं. अकरा तासांच्या आत चिलीतल्या दुर्बिणीला १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत तो नवा ठिपका दिसला. पुढे सुमारे ७० वेधशाळा त्याच्याकडे वळल्या, त्यांत नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटीही होती. एकत्रित निबंधावर साडेतीन हजारांच्या आसपास नावं आहेत.

आता पाळी हिंगोलीची. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियासाठी केंद्र सरकारने २०२३मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन यांच्यातलं अंतर कापायला प्रकाशाला, आणि त्याच वेगाने जाणाऱ्या लहरीलाही, १० मिलिसेकंद लागतात. पृथ्वीच्या पोटातून सरळ रेघ ओढली, तर औंढ्याहून हॅनफर्डला तीसहून अधिक. अंतर वाढलं की दिशा अधिक नेमकी कळते. मराठवाड्याच्या त्या माळावर अमेरिकेतल्या लायगोएवढ्याच लांब, चार-चार किलोमीटरच्या भुजा उभ्या राहायच्या आहेत.