पडद्यावरील बिंदू आणि डोळ्याची मर्यादा

कोलकात्याच्या गार्डन रीच भागातून हुगळीपलीकडे पाहिले असता शिबपूरचे, १७८७ साली स्थापन झालेले वनस्पती-उद्यान दिसते. वृक्षांची पाने मात्र अलीकडून वेगळी ओळखू येत नाहीत; हिरवा पट्टा तेवढा दिसतो. दोन बिंदूंनी डोळ्याशी केलेला कोन अंशाच्या साठाव्या भागाहून लहान झाला, की सामान्य निरोगी दृष्टीला ते एकच भासतात. अर्ध्या किलोमीटरवर ही मर्यादा सुमारे १५ सेंटिमीटर भरते.

घरातील दूरचित्रवाणीलाही हाच नियम लागू आहे. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर एका ओळीत १९२० चित्रबिंदू मांडले, तर प्रत्येक बिंदू ०.६३ मिलिमीटरचा होतो. ३८४० मांडले, तर ०.३२ मिलिमीटरचा. तीन मीटरांवर बसलेल्या प्रेक्षकाला ०.८७ मिलिमीटरहून बारीक तपशील उलगडतच नाही! ३८४० बिंदूंचे मोल पुरते वसूल करावयाचे, तर त्याने १.१ मीटरपर्यंत पुढे सरकावे. ७६८० बिंदूंसाठी जेमतेम अर्ध्या मीटरपर्यंत.

काही डोळे याहून तीक्ष्ण असतात, हे खरे. तथापि मूळ प्रक्षेपणच कमी बिंदूंचे असेल, तर उरलेले बिंदू यंत्र अंदाजाने भरते. त्यापेक्षा उजेड-अंधारातील भेद व रंगांची खोली पारखून घेणे अधिक फलदायी. दुकानात मात्र ग्राहक पडद्यापासून हातभर अंतरावर उभा असतो.