हॉटेल निवडावं रात्री नऊ वाजता

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की निशी-कासाईतल्या मराठी घरांत भारतातून फोन सुरू होतात. "ताई, मे महिन्यात येतोय. डिस्नेलँडसाठी हॉटेल कुठलं घेऊ?" निशी-कासाई हा टोकियोच्या एदोगावा वॉर्डातला भाग. संगणक क्षेत्रातल्या नोकऱ्यांमुळे इथे भारतीयांची मोठी वस्ती झाली आहे. अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक २०१९मध्ये याच वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले. टोकियो डिस्नेलँड आम्हाला अगदी जवळ. जुनी एदोगावा नदी ओलांडली की चिबा प्रांतातलं उरायासू शहर लागतं आणि तिथे समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर हे पार्क उभं आहे. त्यामुळे हॉटेल शोधून द्यायचं काम ओघानेच आमच्याकडे येतं. मला ते मनापासून आवडतं, कारण चार दिवसांची सहल सुखाची होणार की चिडचिडीची, हे बरंचसं त्या एका निवडीवर ठरतं.

यंदा सांगलीहून माझी चुलतबहीण, तिचे यजमान, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे पाच जण येणार होते. बहिणीने शिंजुकूतल्या एका हॉटेलचा फोटो पाठवला. विसाव्या मजल्यावरची खिडकी, खाली दिव्यांचा समुद्र. भाडंही परवडणारं. तिच्या सासूबाईंबद्दल मी तिला विचारलं, "काकूंना सलग किती चालवतं?"

"सावकाश चालल्या तर अर्धा तास. मग गुडघा धरतो. पण ताई, आपण ट्रेनने जाणार ना?"

ट्रेननेच जाणार. पण टोकियोत ट्रेनने जाणं म्हणजे चालणंच. डिस्नेलँडला जाणारी केइयो लाइन टोकियो स्टेशनवरून सुटते आणि तिचे फलाट जमिनीखाली खोल, बाकीच्या फलाटांपासून खूप लांब आहेत. सरकते पट्टे आहेत, तरी एका लाइनवरून दुसरीवर पोहोचायला दहा मिनिटं सहज जातात. पुढे माइहामा या डिस्नेलँडच्या स्टेशनापर्यंतचा गाडीतला प्रवास जेमतेम पंधरा मिनिटांचा. नकाशा बघणाऱ्याला ती पंधरा मिनिटं दिसतात, फलाटाची वाट दिसत नाही. शहरातच राहायचं असेल तर मी उएनोच्या बाजूला राहायला सांगते. तिथून हिबिया लाइनने हाच्चोबोरीला उतरून केइयो लाइन धरता येते आणि टोकियो स्टेशनातली पायपीट वाचते. केइयो लाइन समुद्राच्या कडेने धावते. वारा जोराचा सुटला की गाड्या सावकाश चालवतात, कधी थांबवतात. वादळी दिवसांत हे लक्षात ठेवावं लागतं.

हे सगळं सकाळी चालून जातं. सकाळी अंगात उत्साह असतो, पोरं पुढे पळत असतात. पार्क साधारणपणे रात्री नऊला बंद होतं. त्या वेळी फाटकाबाहेर येणारी कुटुंबं मी नेहमी बघते. लहान मूल बापाच्या खांद्यावर झोपलेलं, त्याचा एक बूट आईच्या हातात. मोठ्या मुलीच्या डोक्यावर मिकीचे कान, पण तोंडातून शब्द नाही. आजी प्रत्येक कठड्याशी थांबणारी. हॉटेल निवडताना डोळ्यांसमोर हीच माणसं आणावीत आणि इथून त्यांच्या अंथरुणापर्यंत किती जिने, किती गाड्या, किती पावलं आहेत ते मोजावं.

पार्कभोवतीच्या हॉटेलांची वर्तुळं समजून घेतली की ही मोजणी सोपी होते. सगळ्यांत आत डिस्नेची स्वतःची हॉटेलं. २००८मध्ये उघडलेलं डिस्नेलँड हॉटेल पार्कच्या दारासमोरच आहे. मिराकोस्ता तर डिस्नेसी या दुसऱ्या पार्कच्या आतच बांधलेलं. डिस्नेसी आणि मिराकोस्ता एकाच वेळी, सप्टेंबर २००१मध्ये सुरू झाली. या हॉटेलांत उतरणाऱ्यांना इतरांच्या १५ मिनिटं आधी पार्कात सोडतात. भाडंही त्याच तोलाचं. मात्र नावात डिस्ने असलं म्हणजे हॉटेल पार्कला लागून असेलच असं नाही. सेलिब्रेशन हॉटेल त्यातल्या त्यात स्वस्त आहे, पण ते शिन-उरायासूच्या किनाऱ्यावर आहे. तिथून फुकट बस मिळते, पण रात्री तिच्या रांगेत उभं राहावंच लागतं.

दुसरं वर्तुळ बेसाइडचं. हिल्टन, शेरेटन, ओकुरा अशी मोठी हॉटेलं समुद्राकाठी ओळीने उभी आहेत. ती डिस्नेची नाहीत, पण रिसॉर्टच्या हद्दीतच आहेत. डिस्नेचं टॉय स्टोरी हॉटेलही २०२२पासून तिथेच, बेसाइड स्टेशनसमोर आहे. तिसरं वर्तुळ शिन-उरायासूचं, म्हणजे माइहामाच्या पुढच्या स्टेशनाचं. तिथल्या बऱ्याच हॉटेलांच्या बस पार्कपर्यंत ये-जा करतात. चौथं वर्तुळ आमच्या कासाईचं. इथूनही पार्कला थेट बस आहे आणि हॉटेलं साधी, आटोपशीर.

बेसाइडला राहायचं तर मोनोरेल नीट समजून घ्यावी लागते. चार स्टेशनांची ही गोल गाडी एकाच दिशेने फिरते. माइहामाजवळच्या गेटवेवरून डिस्नेलँड, तिथून बेसाइड, मग डिस्नेसी आणि परत गेटवे. तिकीट वेगळं काढावं लागतं, हॉटेलात राहिलं म्हणून ते फुकट मिळत नाही. आता हा क्रम लावून बघा. बेसाइडहून सकाळी डिस्नेसीला जायचं तर पुढचंच स्टेशन. रात्री डिस्नेलँडहून बेसाइडला यायचं तरीही पुढचंच स्टेशन. पण डिस्नेसीहून बेसाइडला परतायचं तर गेटवे आणि डिस्नेलँड करत जवळजवळ पूर्ण फेरी होते. म्हणून बेसाइडच्या पाहुण्यांना मी सांगते, ज्या रात्री दिव्यांची मिरवणूक बघायला शेवटपर्यंत थांबायचं ती डिस्नेलँडची ठेवा आणि डिस्नेसीला ज्या दिवशी पहाटे लवकर उठवेल त्या दिवशी जा. एका दिवसाच्या तिकिटावर एकच पार्क बघता येतं, तेव्हा हा क्रम आधी ठरवावाच लागतो.

जागा ठरली की खोली. जपानी हॉटेलं खोलीचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये लिहितात आणि बहुतेक वेळा आराखडाही देतात. फोटोपेक्षा तो आराखडा बघावा. शहरातल्या साध्या हॉटेलात दोघांची खोली १४-१५ चौरस मीटरची असते, म्हणजे न्हाणीघरासकट दीडशे-एकशे साठ चौरस फूट. बहिणीला हे फोनवर पटेना. मग मी आमच्या सहा तातामी चटयांच्या खोलीत, म्हणजे साधारण दहा चौरस मीटरमध्ये, कागदी चिकटपट्टीने जमिनीवर आखणी केली आणि तिला व्हिडिओवर दाखवली. सेमी-डबल म्हणून लिहितात तो पलंग १२० सेंटिमीटर रुंद, म्हणजे चार फुटांना जरा कमी. असे दोन पलंग आखले. अठ्ठावीस इंची बॅग उघडली की तिला जवळजवळ मीटरभर जागा लागते. अशा दोन बॅगा आखल्या. उरली ती दारापासून न्हाणीघरापर्यंतची एक पायवाट. रात्री काकू उठल्या तर त्यांना उघड्या बॅगेवरून पाय टाकून जावं लागणार, हे तिने स्वतःच पाहिलं आणि म्हणाली, "ताई, शिंजुकू राहू दे."

बेसाइडच्या हॉटेलांत तीस चौरस मीटरच्या वरच्या खोल्या सहज मिळतात, चार पलंगांच्याही मिळतात. पण आरक्षण करताना दोन गोष्टी नीट वाचाव्या लागतात. पहिली, भाडं खोलीचं आहे की माणशी. जपानी संकेतस्थळांवर ते पुष्कळदा माणशी असतं आणि एकाचं भाडं चौघांचं समजून माणूस खूश होतो. दुसरी, मुलांचा नियम. मोठ्यांच्या पलंगावर झोपणाऱ्या मुलाचं भाडं बरीच हॉटेलं घेत नाहीत, पण वयाची अट जिथे तिथे निराळी. कुठे शाळेत न जाणाऱ्या मुलापुरती, कुठे प्राथमिक शाळा संपेपर्यंत. एका पलंगावर एकच मूल असंही असतं. मुलांची वयं आधी कळवली नाहीत, तर काउंटरवर जास्तीचा पलंग मागावा लागतो आणि तो त्या खोलीत मावेलच असं नाही. एखाद्या हॉटेलात तातामीची खोली असली तर मी ती आवर्जून सुचवते. जमिनीवर गाद्या घातल्या की मूल रात्री पडायची भीती नाही. काकूंच्या गुडघ्याला मात्र जमिनीवरून उठणं जड, म्हणून यंदा पलंगच.

तिसरा प्रश्न पोटाचा. काकू शाकाहारी. जपानी स्वयंपाकात माशाचा अर्क आमटीपासून भाजीपर्यंत सगळीकडे असतो. पार्कात बाहेरचा डबा नेऊ देत नाहीत. डबा खायला फाटकाबाहेर वेगळी जागा आहे. त्यामुळे नाश्ता आणि रात्रीचं जेवण खोलीत जमायला हवं. हॉटेलात किंवा शेजारी कोन्बिनी, म्हणजे चोवीस तासांचं दुकान आहे का, खोलीत पाणी तापवायची किटली आणि छोटा फ्रिज आहे का, एवढं मी आधी बघते. कोन्बिनीत साध्या भाताचे डबे मिळतात, ते तिथेच मायक्रोवेव्हमध्ये गरम करता येतात. बरोबर मेतकूट, तूप आणि लिंबाचं लोणचं असलं की रात्री साडेनऊला घरचं जेवण होतं. हॉटेलचा महागडा बुफे नाश्ता त्यांना नको म्हणून सांगितलं. त्यातलं काकूंच्या कामाचं फार थोडं निघालं असतं.

शेवटी तारीख. एप्रिलच्या अखेरीपासून ५ मेपर्यंत जपानात सुट्ट्यांची माळ असते, तिला इथे गोल्डन वीक म्हणतात. त्या दिवसांत भाडी चढतात आणि पार्कात पाय ठेवायला जागा नसते. आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी नेमकी त्याच वेळी सुरू होते. मी पाहुण्यांना दुसऱ्या आठवड्यानंतर, सोमवार ते गुरुवारात बसवून यायला सांगते. शाळांच्या सहली तेव्हाही असतात, पण खोल्या मिळतात.

बहिणीच्या बजेटमध्ये सगळ्या रात्री बेसाइडच्या बसत नव्हत्या. दोन रात्री तिथे घेतल्या आणि उरलेल्या आमच्या घराजवळ कासाईत. टोकियो बघायचं तर कासाईहून भुयारी रेल्वे सोयीची, आणि काकूंना वाटेल तेव्हा आमच्याकडे टेकता येईल. मोठ्या बॅगा आमच्याच घरी ठेवल्या, बेसाइडला दोन हातपिशव्या नेल्या. खोली दुपारी तीनला मिळते, पण सामान सकाळीच काउंटरवर ठेवून घेतात. दहाच्या आत सगळे मोकळ्या हातांनी पार्कात होते.

दुपारी दोनच्या सुमाराला चार वर्षांच्या भाच्याने रडायला सुरुवात केली. बिग थंडर माउंटनला १०२ सेंटिमीटर उंची लागते आणि तो दोन बोटं कमी भरला. बहीण आणि भाची रांगेत राहिल्या. काकू, भाचा आणि मी मोनोरेलमध्ये बसलो. खिडक्या मिकीच्या चेहऱ्याच्या, लोंबणारे पट्टेही मिकीचे. रडणं तिथेच थांबलं. पुढचं स्टेशन बेसाइड. तीनला खोली हातात आल्यावर पोरगा पाच मिनिटांत झोपला. काकूंनी गुडघ्याला तेल लावलं, पाय उशीवर ठेवले, चहा घेतला. त्याच दिवशी त्याच पार्कात पुन्हा जाता येतं, म्हणून साडेपाचला आम्ही ताजेतवाने होऊन परत गेलो. दिव्यांची मिरवणूक पाहायला काकू पुढच्या ओळीत अंथरलेल्या चटईवर बसल्या होत्या आणि नातवाला प्रत्येक रथावरचं पात्र विचारत होत्या.

बेसाइडचं भाडं जास्त का द्यायचं, याचं उत्तर मला त्या दुपारी पुन्हा एकदा मिळालं. काकू शिंजुकूहून आल्या असत्या तर दोन वाजता त्यांना परत नेणं शक्यच नव्हतं. त्या दिवसभर बाकावर बसून राहिल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी "तुम्ही जा रे, मी खोलीतच थांबते" म्हणाल्या असत्या. आपल्याकडच्या आज्या हे वाक्य इतक्या सहजपणे म्हणतात, की त्यामागचा दुखरा गुडघा कुणाला दिसत नाही. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं: एक रात्र कमी करा, एखादी खरेदी सोडा, पण पार्काजवळच्या दोन रात्री घरातल्या सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत थोरल्या माणसाच्या पायांना विचारून घ्या. मधल्या वयाची माणसं कुठेही झोपतील.