फलाटावरची गर्दी आणि रक्तातील पोटॅशियम

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाचा ईसीजी काढतात आणि रक्तही तपासणीला पाठवतात. नातेवाईक बहुधा कोलेस्टेरॉल विचारतात. त्या घटकेला अधिक निकडीचा असतो तो पोटॅशियमचा आकडा.

शरीरातील सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. पेशीत ते लिटरला सुमारे 140 मिलिमोल, तर रक्तद्रवात अवघे 3.5 ते 5. दिवा आणि डोंबिवलीच्या मधल्या कोपर स्थानकात सकाळी येणारी मुंबईकडची लोकल डोळ्यांसमोर आणा. समजा, गाडीत 98 माणसे आणि फलाटावर 2. गाडीतून दोघेच उतरले तरी फलाटावरची संख्या दुप्पट होते! रक्ततपासणी मोजते ती फक्त फलाटावरची माणसे.

आतबाहेरच्या या तफावतीमुळे हृदयाच्या स्नायुपेशीच्या पटलावर सुमारे 90 मिलिव्होल्टचा विद्युतदाब टिकतो. ती तफावत राखतो सोडियम-पोटॅशियम पंप. दर खेपेला तो 3 सोडियम आयन बाहेर टाकतो, 2 पोटॅशियम आयन आत घेतो. त्यासाठी ऊर्जा लागते.

झटक्यात हृदयाची धमनी गुठळीने तुंबते. तेथील स्नायूला प्राणवायू मिळत नाही आणि त्याच्या पेशींबाहेर पोटॅशियम साचू लागते. उरलेल्या शरीरात मात्र उलट घडते. वेदना आणि भीतीने ॲड्रिनॅलिन उसळते, त्यामुळे स्नायूंमधले पंप जोरात चालतात आणि रक्तातले पोटॅशियम पेशींत ओढले जाते. एकाच हृदयात एका भागाभोवती पोटॅशियम जास्त, बाकीच्या भागाभोवती कमी! विद्युतलहर मग एकसारखी पसरत नाही. जवनिका नुसत्या थरथरू लागल्या, तर रक्ताभिसरण थांबते आणि विजेचा धक्का काही मिनिटांत मिळाला नाही तर रुग्ण दगावतो.

मग शिरेतून भरपूर पोटॅशियम द्यावे का? पूर्वी ते 4 ते 5 च्या दरम्यान ठेवावे, असा सल्ला असे. 2012 मध्ये अमेरिकेतील 38,689 रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सर्वांत कमी मृत्यू 3.5 ते 4.5 या गटात आढळले. अर्थात, या केवळ नोंदी होत्या, प्रयोग नव्हता. वरच्या गटातले रुग्ण मुळातच अधिक आजारी असू शकतात. हा फरक विद्यार्थ्यांकडून जरूर काढून घ्यावा.

आकडाही फसवतो. रक्त ओढताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातले पोटॅशियम नमुन्यात उतरते. रक्तद्रव वेगळा न करता नमुना फ्रिजमध्ये ठेवला तरी तेच, कारण थंडीत पंप मंदावतात. अशा वेळी डॉक्टर पुन्हा रक्त मागवतात आणि नातेवाईक कुरकुरतात.