डाव फिरला की तोंड पाडणारं मांजर

पवईच्या आयआयटीत, टेकफेस्टमध्ये, ३० डिसेंबर २०१७ रोजी सोफिया नावाची रोबो साडी नेसून आली, तेव्हा तिला बघायला झुंबड उडाली होती. मध्येच एका प्रश्नावर बाईंची वाचाच बसली. तरी लोक खूश! एका संध्याकाळच्या करमणुकीला तेवढं पुरतं. घरात रोज खेळायला सवंगडी हवा असेल, तर नाही पुरत.

याच आयआयटीत शिकलेल्या स्नेह वासवानी, प्रशांत अय्यंगार आणि चिंतन रायकर यांनी २०१५ मध्ये इमोटिक्स ही कंपनी काढली आणि पुढे 'मिको' आणला. चाकांवर फिरणारा, मुलांशी बोलणारा, कोडी घालणारा रोबो. चेहऱ्याच्या जागी पडदा, त्यावर डोळे. कोडी काय, मोबाइलही घालतो. मग या डोळ्यांचा खटाटोप कशाला?

उत्तर सापडतं ते लिस्बनच्या संशोधकांच्या बुद्धिबळाच्या पटावर. फिलिप्सने बनवलेलं 'आयकॅट' हे पिवळं मांजर त्यांनी मुलांसमोर बसवलं. मुलाने चाल केली की डाव कुणाकडे झुकला, हे संगणक आकड्यात मोजायचा. अपेक्षेपेक्षा आकडा घसरला की मांजराचं तोंड पडायचं. सुधारला की खुलायचं. गंमत अशी की, चेहरा डावाशी जुळता असला की कोण वरचढ आहे हेही मुलांना जास्त नीट उमगायचं. समोरच्याचं तोंड वाचत खेळायची आपली सवय यंत्रापुढेही सुटत नाही.

पण त्याच गटाने पाच आठवडे खेळ चालू ठेवला, तेव्हा मुलांचं मांजराकडे बघणं कमी होत गेलं. नव्याचे नऊ दिवस! मला तर हाच निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो. कालचा डाव आठवून आज जरा सोपं किंवा अवघड खेळणारा गडीच टिकायची शक्यता. आणि ही आठवण, बोलणं समजण्याची ही अक्कल बऱ्याच रोबोंच्या पोटात नसतेच. ती दूरच्या सर्व्हरवर असते. अमेरिकेत मुलांसाठी ७९९ डॉलरचा 'मॉक्सी' रोबो बनवणाऱ्या कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये गाशा गुंडाळला, तेव्हा सर्व्हरबरोबर रोबोही मुका होणार म्हणून मुलांची समजूत घालायला पालकांना पत्राचा मजकूरही कंपनीनेच पुरवला.

तेव्हा दुकानात गेलात तर आधी वायफाय बंद करायला सांगा. मग रोबोला म्हणा, चल, होऊन जाऊ दे एक डाव.