पिवळे पडलेले सहा नमुने

१९८५ साल सरत आलं होतं. अमेरिकेत एड्सचे रुग्ण नोंदले जाऊन चार वर्षं उलटली होती. आपल्याकडची वर्तमानपत्रं मात्र निर्धास्त होती: हा पाश्चात्त्यांच्या स्वैराचाराचा रोग, आपल्या संस्कारी देशात तो कशाला येईल? मुंबईचे शेकडो नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेत तपासून झाले होते, त्यातही काही सापडलं नव्हतं.

मद्रास मेडिकल कॉलेजातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. सुनीती सॉलोमन यांना ही निश्चिंती पटत नव्हती. मद्रासमध्येच चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातली ही लेक, माहेरची गायतोंडे. त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला, निर्मला सेल्लप्पनना, प्रबंधासाठी तोच विषय दिला: ज्यांना धोका जास्त, अशा बायकांच्या रक्तात एड्सचा विषाणू आहे का, ते तपासायचं.

निर्मला ३२ वर्षांच्या. खेडेगावातून, जुन्या वळणाच्या घरातून आलेल्या, दोन मुलांची आई. वेश्याव्यवसायातल्या बायकांशी बोलायचं कसं, हाच त्यांना पहिला प्रश्न. धीर दिला तो नवऱ्यानं, रामामूर्तींनी. पण बायका शोधायच्या कुठे? मुंबईत कामाठीपुरा आहे, मद्रासमध्ये तशी ठरलेली वस्ती नव्हती. मग त्या सरकारी इस्पितळात गुप्तरोगाच्या उपचारासाठी येणाऱ्या बायकांशी ओळख करू लागल्या. काहींच्या कागदावर ‘व्ही होम’ असं लिहिलेलं दिसलं. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला: ‘व्हिजिलन्स होम’, म्हणजे पोलिसांनी पकडलेल्या आणि जामिनाचे पैसे नसलेल्या बायकांना ठेवायची जागा.

मग रोज सकाळी रामामूर्ती त्यांना स्कूटरवरून तिथे सोडत. ना हातमोजे, ना सुरक्षेची साधनं. ऐंशीहून अधिक नमुने जमले. सॉलोमन आणि निर्मला यांनी मिळून छोटीशी प्रयोगशाळा उभारली आणि रक्तातला द्रव वेगळा केला. साठवायची सोय नव्हती, म्हणून बाटल्या निर्मलांच्या घरच्या फ्रिजमध्ये गेल्या.

एलायझा चाचणी मद्रासमध्ये होत नव्हती. सॉलोमन यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात व्यवस्था केली. फेब्रुवारी १९८६ मध्ये नवरा-बायको बर्फाच्या पेटीत नमुने घेऊन रात्रीच्या गाडीनं काटपाडीला उतरले आणि तिथून रिक्षानं पुढे गेले. विषाणूशास्त्राचे प्रमुख डॉ. जेकब जॉन यांनी मदतीला जॉर्ज बाबू आणि एरिक सिमोइस हे दोघे सहकारी दिले.

साडेआठला काम सुरू झालं. दुपारी वीज गेली म्हणून सगळे चहाला उठले. परत आल्यावर बाबूंनी झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं. पण तेवढ्यात निर्मलांना दिसलं होतं: सहा नमुने पिवळे पडले होते. बाधा असली की चाचणीत असाच रंग उमटतो. सिमोइसनी पाहिलं, जॉन धावत आले, हे नमुने कुठले म्हणून विचारलं आणि निघताना नवरा-बायकोला बजावलं, कुणाला सांगायचं नाही.

मग त्या सहा जणींचं रक्त पुन्हा घेतलं गेलं आणि सिमोइस ते अमेरिकेला घेऊन गेले. वेस्टर्न ब्लॉट चाचणीनं शिक्कामोर्तब केलं. मे महिन्यात आरोग्यमंत्री हंडे यांनी तमिळनाडू विधानसभेत ते जाहीर केलं.

आपलं रक्त कशासाठी घेतलं जातंय, हे त्या बायकांना सांगितलं गेलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, गुप्तरोगाचीच तपासणी आहे. देशाला जाग आली ती त्यांच्या रक्तामुळे आणि नावं मात्र इतरांची राहिली, ही गोष्ट मला अजून टोचते.

सॉलोमन यांनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावानं एड्ससाठी वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं. तिथल्या कामानं आणखी एक समजूत मोडली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, केंद्रात आलेल्या १३४ बाधित स्त्रियांपैकी ८१ टक्के गृहिणी होत्या आणि ८८ टक्के स्त्रियांनी आयुष्यात एकच जोडीदार असल्याचं सांगितलं होतं. ‘तसल्या बायकांचा रोग’ म्हणणाऱ्यांना याहून सडेतोड उत्तर कोणतं? पत्नीच्या निष्ठेनं तिचं रक्षण झालं नव्हतं. कंडोमचा आग्रह घरातही धरावा लागणार होता.

पुढे तर सॉलोमन बाधित तरुण-तरुणींची लग्नंही जुळवू लागल्या. धर्म, शिक्षण, उत्पन्न पाहायचंच. शिवाय दोघांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी किती आणि विषाणू किती, हेही त्या जुळवून बघत.