जुन्या मोटारीचे ‘मिसिंग’ : कारण शोधण्याची रीत

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये शिरलेले हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण ठरल्या क्षणी पेटत नाही, किंवा पेटले तरी अर्धवट जळून विझते, तेव्हा इंजिनाच्या एकसारख्या आवाजात खंड पडतो, गाडी हलके झटके देते, चढावर तिचा दम कमी पडतो आणि पेट्रोल मात्र जास्त लागते. या दोषाला पुस्तकांत मिसफायर म्हणतात. गॅरेजमध्ये ‘गाडी मिसिंग करते’ एवढे म्हटले की पुरते. चार सिलिंडरचे इंजिन जागेवर उभे असताना मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे मिनिटाला 400 वेळा स्फोट व्हावा लागतो आणि चारही सिलिंडर मिळून ही संख्या 1600 होते. त्यातला एक सिलिंडर पूर्ण बंद पडला तर चौथा हिस्सा जातो. मारुती 800 सारख्या तीन सिलिंडरच्या गाडीत तिसरा हिस्सा जात असल्याने ती गाडी मिसिंगमध्ये इतकी थरथरते, की गियरचा दांडाही हातात हादरतो.

अलीकडच्या गाड्यांत इंजिनावरचा संगणक हा दोष स्वतःच टिपतो. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याचे फिरण्यात रूपांतर करणारा दांडा, कोणत्या क्षणी अडखळला हे ओळखून तो ‘पी 0301’ म्हणजे पहिला सिलिंडर, ‘पी 0302’ म्हणजे दुसरा, असा कोड नोंदवतो. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात ऑक्टोबर 2023 पर्यंत शहरात धावलेली प्रीमियर पद्मिनी, कार्ब्युरेटरची मारुती 800 किंवा जुनी पेट्रोल अँबेसेडर यांच्यापाशी अशी सोय नाही. तेथे कान, फट मोजणारे फीलर गेज, मल्टिमीटर आणि कॉम्प्रेशन गेज एवढ्या सामग्रीवर निदान करावे लागते, आणि एवढी सामग्री पुरेशीही असते. खरा खर्च होतो तो अंदाजाने सुटे भाग बदलत गेल्यामुळे: आधी प्लग, मग वायरी, मग कॉईल, मग कार्ब्युरेटर असे सगळे बदलून झाल्यावर दोष टॅपेटमध्ये, म्हणजे झडपा उघडणाऱ्या भागांत, निघावा, ही जुन्या गाड्यांच्या मालकांची नेहमीची तक्रार आहे. म्हणून कोणताही भाग बाजारातून आणण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे हाती असावीत. मिसिंग कोणत्या सिलिंडरमध्ये आहे, आणि त्या सिलिंडरला ठिणगी, मिश्रण व दाब या तिन्हींपैकी काय मिळत नाही.

पहिली तपासणी बॉनेट न उघडता करता येते, कारण मिसिंग केव्हा होते यावरूनच बरेच कळते. एका ठरावीक ठेक्याने, सतत आणि कोणत्याही वेगाला ठोका चुकत असेल तर दोष बहुधा एकाच सिलिंडरपुरता असतो. ठोका अनियमितपणे, कधी इथे तर कधी तिथे चुकत असेल तर चारही सिलिंडरांना सामाईक असलेल्या भागांकडे, म्हणजे कॉईल, पॉइंट, कार्ब्युरेटर यांच्याकडे पाहावे लागते. जागेवर इंजिन अडखळते पण वेगात सुरळीत चालते, हे झडप नीट न मिटण्याचे किंवा कोठून तरी जादा हवा शिरण्याचे लक्षण आहे. याउलट गाडी जागेवर ठीक असते आणि घाट चढताना किंवा ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावर झटके मारते, तेव्हा ठिणगी दुबळी असल्याचा संशय बळावतो. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये अधिक मिश्रण भरते, त्याचा दाब वाढतो, आणि दाटलेल्या वायूतून ठिणगी उडवण्यासाठी विजेचा दाबही जास्त लागतो. जागेवर कशीबशी भागणारी जुनी वायर किंवा झिजलेला प्लग या वाढीव मागणीला पुरा पडत नाही.

दोषी सिलिंडर ओळखण्याची जुनी पद्धत अजूनही सर्वांत भरवशाची आहे. इंजिन गरम करून जागेवर चालू ठेवायचे आणि एकेका प्लगची वायर काढून पाहायची. वायर काढताच इंजिनाचा वेग पडला आणि थरथर वाढली तर तो सिलिंडर काम करीत होता, आणि काहीच फरक पडला नाही तर दोष तेथेच आहे. हे करताना वायर उघडी लोंबकळत ठेवू नये, तिचे टोक इंजिनाच्या धातूला टेकवलेले असावे, कारण वाट न मिळालेला काही हजार व्होल्टचा दाब कॉईलच्या आतूनच मार्ग काढतो आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत महागडे मॉड्यूल जाळू शकतो. हातासाठी जाड रबरी मोजे आणि विजेच्या कामाची पक्कड लागते. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने हे काम करूच नये. ज्या गाडीच्या सायलेन्सरच्या मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, तिच्यात ही चाचणी काही सेकंदांतच आटोपावी, नाहीतर न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन पेटते आणि तो तापून निकामी होतो. वायरी परत लावताना त्यांचा क्रम चुकणे ही फार साधी आणि फार वेळ खाणारी चूक आहे; पद्मिनी आणि अँबेसेडर या दोन्हींच्या इंजिनात ठिणगी 1, 3, 4, 2 या क्रमाने पडते आणि त्यातल्या दोन वायरींची अदलाबदल झाली तर नवीनच मिसिंग सुरू होते.

सिलिंडर कळला की त्याचा प्लग काढून इतरांच्या शेजारी ठेवावा. निरोगी सिलिंडरच्या प्लगचे टोक फिकट तपकिरी असते. कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. ओला, चिकट आणि काळा थर असेल तर पिस्टनच्या रिंगांमधून किंवा झडपेच्या गाईडमधून इंजिन ऑईल वर येत आहे. टोक पांढरेफटक आणि चिनी मातीवर बारीक फोड असतील तर पेट्रोल कमी पडून सिलिंडर अति तापतो आहे. आणि प्लग नुसता पेट्रोलने ओला असून त्याचा वास येत असेल तर मिश्रण पोचते पण ठिणगी पडत नाही. चिनी मातीला केसाएवढी चीर असली तरी ठिणगी टोकाऐवजी त्या चिरेतून धातूत उतरते, आणि ही चीर उन्हात तिरपी धरल्याशिवाय दिसत नाही. संशय पक्का करण्यासाठी नवा प्लग विकत आणण्याची गरज नसते. दोषी सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरला आणि शेजारचा येथे लावावा. मिसिंग प्लगबरोबर शेजारी गेले तर प्लग वाईट, जागच्या जागी राहिले तर प्लग निर्दोष. मग हाच प्रयोग वायरीवर करावा. एका वेळी एकच वस्तू हलवायची, हा नियम येथे कटाक्षाने पाळावा लागतो, कारण दोन वस्तू एकदम बदलून दोष गेला तर तो कशाने गेला हे कधीच कळत नाही.

ठिणगीच्या यंत्रणेत बिघाडाला सर्वांत जास्त जागा आहेत, म्हणून तिच्यावर अधिक वेळ घालवणे योग्य ठरते. 1910 च्या आसपास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी रूढ केलेली ही रचना पुढची साठ-सत्तर वर्षे जगभरच्या मोटारींत जवळपास तशीच राहिली. 12 व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह कॉईलच्या जाड वेढ्यांतून वाहत असतो. डिस्ट्रिब्युटरमधला कॅम फिरून सीबी पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, त्याने उभे केलेले चुंबकीय क्षेत्र एकाएकी कोसळते आणि कॉईलच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत कित्येक हजार व्होल्टचा दाब निर्माण होतो, जो रोटरमार्फत ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या प्लगकडे जातो. पॉइंट उघडताना त्यांच्या दरम्यान प्रवाह उडी मारू पाहतो. बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर तो प्रवाह क्षणभर स्वतःत साठवून घेतो, म्हणूनच तोड झटक्यात होते. कंडेन्सर निकामी झाला की पॉइंटवर निळसर चाप जळत राहतो, पॉइंटच्या एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला खड्डा पडतो, चुंबकीय क्षेत्र सावकाश ओसरते आणि ठिणगी पिवळट, अशक्त होते. म्हणून पॉइंट जळलेले दिसले तर ते नुसते घासून परत बसवण्यात अर्थ नाही. त्यांच्याबरोबर कंडेन्सरही बदलावा. इंजिन 4000 फेऱ्यांवर असताना चार सिलिंडरच्या गाडीत एका ठिणगीपासून दुसरीपर्यंत सेकंदाचा केवळ 133 वा भाग मिळतो आणि कॉईल भरायची असते त्याच्याही अर्ध्याहून थोड्या जास्त वेळात. पॉइंटमधले अंतर प्रमाणाबाहेर असेल तर हा वेळ आणखी घटतो आणि गाडी नेमकी वेगात मिसिंग करते. डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचे बुश झिजले असतील तर हे अंतर प्रत्येक सिलिंडरच्या पाळीला वेगळे पडते, आणि फीलर गेजने कितीही काळजीपूर्वक सेटिंग केले तरी ते टिकत नाही. शाफ्ट बोटांत धरून आडवा हलवला की हा ढिलेपणा हाताला जाणवतो.

कोकणपट्टी आणि मुंबईच्या पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या कॅपकडे विशेष लक्ष द्यावे लागते. कॅपच्या आत ओल साचली की विजेला प्लगपेक्षा सोपी वाट मिळते, आणि एकदा त्या वाटेने ती गेली की प्लास्टिकचा पृष्ठभाग जळून कोळशाची पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी, नागमोडी रेषा तयार होते. कोळसा विजेचा वाहक असल्याने कॅप पुसून कोरडी केली तरी वीज त्या रेषेवरूनच जाते; अशी कॅप बदलण्यावाचून गत्यंतर नसते. वायरींची गळती पाहण्यासाठी अंधारात इंजिन चालू करून वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा. आवरण जेथे फाटले असेल तेथे निळ्या ठिणग्या उघड दिसतात.

मिश्रणाच्या बाबतीत एक तर्क नेहमी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कार्ब्युरेटर सर्व सिलिंडरांना एकच मिश्रण पुरवतो, तेव्हा एकट्या सिलिंडरच्या मिसिंगचा दोष त्याच्या माथी मारणे सहसा चुकीचे ठरते. अपवाद एकच, इनटेक मॅनिफोल्डची, म्हणजे कार्ब्युरेटरपासून सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळीची, गॅस्केट एखाद्या टोकाला फुटली तर त्या बाजूच्या सिलिंडरला जादा हवा मिळून मिश्रण पातळ होते. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे गॅस्केटच्या कडेने फिरवले तर हवेची शीळ ऐकू येते. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा ज्वलनशील क्लीनर फवारून ही गळती शोधण्याची प्रथा धोक्याची आहे आणि ती सोडून द्यावी. सगळेच सिलिंडर अनियमितपणे चुकत असतील तर मात्र कार्ब्युरेटरच्या जेटमधला, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रातला, कचरा आणि फ्लोटची पातळी तपासावी. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण आता 20 टक्क्यांपर्यंत गेले आहे, याचाही येथे संबंध आहे: एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते, तर या मिश्र इंधनाला सुमारे 13.5 किलो पुरते, आणि जुना जेट जुन्याच मापाचा असल्यामुळे मिश्रण पातळ होते. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषतो आणि जुन्या रबरी नळ्या व डायफ्रॅम फुगवतो, त्यामुळे बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत टाकीच्या तळाशी पाणी निघण्याची शक्यता वाढते.

ठिणगी आणि मिश्रण ठीक ठरल्यावरच दाबाकडे वळावे. गरम इंजिनाचे सर्व प्लग काढून, कॉईलची जोडणी तोडून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवला असता सुस्थितीतल्या जुन्या इंजिनात दर चौरस सेंटिमीटरला साधारण 8 ते 10 किलो दाब दिसतो; आकड्यापेक्षाही सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा असतो. एकाचा दाब बराच कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा मोजावे. ऑईल रिंगांभोवतीची फट बुजवते, म्हणून दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, आणि न वाढला तर झडप गळते आहे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम पडला असेल तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट फुटली असण्याचा संभव मोठा.

झडप गळते असे दिसले तरी लगेच हेड उतरवू नये. आधी टॅपेटचे अंतर मोजावे. टॅपेटमध्ये ठेवलेली बारीक फट झडपेला तापून लांबायला जागा देते, आणि ती फट उरली नाही तर झडप पूर्ण मिटत नाही, तिची उष्णता सीटमध्ये, म्हणजे ती मिटताना जेथे टेकते त्या कडेत, उतरत नाही आणि एक्झॉस्टची झडप कडेने जळते. जुन्या पेट्रोल अँबेसेडरमध्ये हा धोका अधिक आहे, कारण तिच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिनात झडपांच्या सीट ओतीव लोखंडाच्या हेडमध्येच कापलेल्या असतात. पेट्रोलमधले शिसे या सीटवर पातळ लेप धरून त्यांची झीज थोपवीत असे. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यावर ते संरक्षण गेले. सीट झिजून झडप हेडमध्ये खोल जाऊ लागली की टॅपेटची फट आपोआप घटते. अशा गाडीत सेटिंग केल्यावर मिसिंग जाते आणि काही महिन्यांत तोच सिलिंडर पुन्हा चुकू लागतो. प्रत्येक वेळी फट घटलेलीच सापडत असेल तर हेड उतरवून एक्झॉस्टच्या जागी कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात, म्हणजे पुढे टॅपेट केवळ नेहमीच्या सर्व्हिसिंगला पाहिले तरी चालते.